‘रिकामी आहे, सर’ : नेमबाजीच्या रेंजवरचं प्रमाणशास्त्र

या मालेत एरवी आपण ग्रंथांची समीक्षा करतो. आज आम्ही समीक्षेला एक पाटी घेतली आहे, नेमबाजीच्या रेंजवर भिंतीला लावलेली. पाट्या लिहिण्यात मराठी माणसाचा हात कुणी धरणार नाही; पण या पाटीत टोमणा नसतो. तिच्यावर साधारण तीन ओळी असतात. ‘शिस्त पाळा.’ ‘सरांच्या परवानगीशिवाय रायफलला हात लावू नये.’ ‘सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी आहे.’ शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय हाच. आमचं म्हणणं असं की या तिन्ही ओळी चांगल्या हेतूने लिहिल्या आहेत आणि तिन्ही अपुऱ्या आहेत. कशा, ते पाहू.

आधी हा विषय आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत कसा आला ते सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. वय १८. या प्रकारात पुरुषांमध्ये त्याच्याआधी हा मान मिळवणारा भारतीय एकच, २००६ सालचा अभिनव बिंद्रा. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं. घराघरांतल्या मुलांना हा खेळ आपला वाटू लागला तर नवल नाही. शिवाय १० मीटरच्या प्रकाराला मैदान लागत नाही, एक लांबट बंदिस्त खोली पुरते. जिथे मुलांना क्रिकेट खेळायला जागा उरली नाही, अशा शहरांना हा खेळ सोयीचा आहे.

आता ही एअर रायफल म्हणजे काय? साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा ती सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने फेकते. हिशेब केला तर ऊर्जा येते सात-आठ ज्यूल. ‘एवढंच ना?’ असं कुणी म्हणेल. डोळा कायमचा जायला एवढी पुरेशी आहे. आणि इथेच कायद्याची एक फट आहे. २०१६ चे शस्त्र नियम परवाना मागणाऱ्याकडून दोन कागद घेतात : सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. पण साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवानाच लागत नाही. म्हणजे परवान्यासोबत येणारे ते दोन कागदही नाहीत. आमची तक्रार कायद्याविरुद्ध नाही. खेळ वाढायचा तर ही सवलत योग्यच आहे. पण कायद्याची नजर जिथे संपते तिथून पुढे सगळा भार सवयीवर येतो, आणि सवय घडवायचं काम त्या पाटीकडे येतं.

म्हणून पाटीतला ‘सुरक्षा’ हा शब्द नीट पाहू. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, सुरक्षा आणि सुरक्षितता. बोलताना आपण ते एकमेकांत मिसळतो. सुरक्षा म्हणजे बाहेरच्यापासून बचाव : कुलूप, पहारा, कॅमेरा, रजिस्टर. सुरक्षितता म्हणजे आपल्याच हातांपासून बचाव. रेंज चालवणाऱ्याला पहिली गोष्ट विकत घेता येते, म्हणून तो ती घेतो आणि पालकांना अभिमानाने दाखवतो. दुसरी विकत मिळत नाही.

आठवून पाहा, २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. तो गुन्ह्याचा आणि न्यायालयाचा विषय आहे, आम्ही त्यात शिरत नाही. एवढंच म्हणतो की पोलीस ठाण्याइतका पहारा असलेली जागा दुसरी कोणती? पहारा होता, म्हणून ती खोली सुरक्षित ठरली नाही.

आता पाटीची दुसरी ओळ. ‘सरांच्या परवानगीशिवाय हात लावू नये.’ इथे आम्हाला आमच्या विषयाकडे वळू द्या. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भरवशाच्या माणसाचं सांगणं हे शब्दप्रमाण. आपलं निम्मं आयुष्य त्यावर चालतं. डॉक्टर सांगतात, आपण गोळी घेतो. स्टेशनवर घोषणा होते, आपण प्लॅटफॉर्म बदलतो. पण रायफल हातात देताना विद्यार्थी म्हणतो, ‘रिकामी आहे, सर’, तेव्हा हे प्रमाण चालत नाही. तो खोटं बोलतो म्हणून नव्हे. तो खरंच तसं मानतो, म्हणूनच. ‘रिकामी आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी भरल्याचं मला आठवत नाही’ एवढाच असतो. हे झालं अनुमान, आणि तेही स्मृतीवर उभं.

वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपण सगळ्यांनी ऐकला आहे. अंधुक उजेडात दोरीला साप समजलो, घाबरलो, दिवा आणला, भ्रम गेला. रेंजवर हा दृष्टान्त उलटा लावावा लागतो. रिकाम्या रायफलला भरलेली समजलात तर दोन सेकंद वाया जातात. भरलेलीला रिकामी समजलात तर त्या चुकीला दिवा आणायची सवड नसते. दोन्ही चुका चुकाच, पण त्यांची किंमत सारखी नाही. म्हणून प्रत्येक रायफल भरलेली समजायची, नळी डोळ्यांनी दिसेपर्यंत. इथे प्रत्यक्ष हेच एक प्रमाण, आणि तेही दर वेळी नवं. एका हातातून दुसऱ्या हातात गेली की आधीचं ज्ञान संपलं.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी हा विचार एका साध्या वस्तूत बसवला आहे. तिचं नाव सेफ्टी फ्लॅग. एअर रायफलसाठी ती भडक रंगाची एक दोरी असते, पूर्ण नळीतून आरपार जाईल एवढी लांब. दोरी आत आहे म्हणजे छर्रा आत नाही, आणि हे खोलीतल्या कुणालाही दुरून दिसतं. ‘रिकामी आहे’ हे वाक्य त्या दोरीने शब्दप्रमाणातून काढून प्रत्यक्षात आणलं. शंभर पाट्यांपेक्षा ही दोरी हुशार आहे. नेमबाजीच्या रेषेवर, परवानगी मिळाल्यावरच ती काढायची. स्पर्धेत ती लावली नाही तर ताकीद मिळते. ताकीद देऊनही नकार दिला तर खेळाडू बाद.

साठवणुकीलाही हाच न्याय लावावा. कपाटात रायफल जाते ती दोरीसकट. पॉइंट टू-टूची रायफल असेल तर बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात. पोलीस आणि लष्कराच्या बोलीत शस्त्रखोलीला ‘कोत’ म्हणतात. तिथली शिस्त आपल्या छोट्या रेंजने उसनी घ्यावी. रजिस्टरमध्ये रायफलचा क्रमांक, नाव, वेळ, सही असे रकाने असतात. त्यात आणखी एक हवा : ‘नळी कुणी पाहिली?’ आणि ते नाव रायफल परत करणाऱ्याचं नसावं.

धोका फक्त नळीत असतो असंही नाही. आधुनिक एअर रायफलला दाबाखालच्या हवेचं छोटं सिलिंडर असतं, त्यात २०० बारपर्यंत दाब. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो, यावरून अंदाज घ्या. दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजवर हवा भरताना सिलिंडर फुटून एका पिस्तूल नेमबाजाचा अंगठा गेला. गोळी नाही, छर्रा नाही, नुसती हवा. या सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, बहुधा दहा वर्षांची, आणि ती पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे. आता सांगा, घरच्या गॅस सिलिंडरवरची ‘बी-२६’ अशी चाचणीची खूण आपल्यापैकी किती जण वाचतात? तसंच शिशाचं. छर्रे हाताळून हात न धुता डबा उघडू नये, एवढी साधी गोष्ट पाटीवर क्वचित येते.

राहिली तिसरी ओळ : ‘सर्वांची जबाबदारी’. सर्वांची म्हटलं की बहुधा कुणाचीच राहत नाही. पण नियमांत याचा नेमका अर्थ आहे. धोक्याचं काही दिसलं तर खेळाडूने लगेच रेंज अधिकाऱ्याला सांगायचं, हे त्याचं कर्तव्य आहे. आणि इथे आपल्या गुरुशिष्य परंपरेची अडचण होते. समजा, सरांनीच दोरी न लावता रायफल टेबलावर ठेवली. बारा वर्षांच्या मुलीला ते दिसलं. ती बोलेल का? ‘सरांना कसं सांगायचं?’ हा प्रश्न तिच्या मनात आपणच घातलेला असतो. खंडेनवमीला शस्त्राला फूल वाहतो, गुरुपौर्णिमेला सरांच्या पाया पडतो. दोन्ही आदर आपल्याला छान जमतात. पण शस्त्राचा आदर करायचा तर कधी सरांना थांबवावं लागतं, हे आपण शिकवत नाही. ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ या ओळीने सगळी सुरक्षितता एका माणसाच्या सावधपणावर टांगली आहे. तो माणूस कितीही मोठा खेळाडू असला तरी संध्याकाळी सातला, चौथ्या बॅचला, थकलेला असतो.

तेव्हा पाटी पुसून नवी लिहायची झाली तर आम्ही अशी लिहू : ‘नळी दिसेपर्यंत रायफल भरलेली समजा. दोरी नसेल तर ज्याला दिसेल त्याने थांबा म्हणावे. थांबा ऐकले की सरांनीही थांबावे.’ तिसरं वाक्य सर्वांत अवघड, म्हणून तेच मोठ्या अक्षरांत.

पालक मंडळी रेंज बघायला जातात तेव्हा पदकं किती, लक्ष्य इलेक्ट्रॉनिक आहे का, फी किती, हे विचारतात. विचारावं. त्यात आणखी एक प्रश्न घाला, आणि तो सरांना विचारू नका. तिथल्या सर्वांत लहान मुलाला विचारा : ‘बाळ, तू इथे गोळीबार थांबवू शकतोस का?’ तो उत्तर देण्याआधी सरांकडे बघत असेल, तर त्या रेंजवर अजून काम बाकी आहे.

आता प्रश्न घेऊ.