गड मोजणारी नजर

चांदवडच्या किल्ल्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याच्या मुळाशी बहुधा १८८३चे नाशिक गॅझेटिअर असते. आणि गॅझेटिअरमधल्या गडांच्या नोंदी जागोजाग कॅप्टन ब्रिग्जच्या १८१८च्या पाहणीवर उभ्या आहेत. ही साखळी आपले दुर्गलेखक क्वचितच उलगडतात.

ब्रिग्ज हौसेने गड चढला नव्हता. जानेवारी १८१८च्या मंदसोर तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीकडे गेला. चांदवड तर कर्नल वॉलेसने १८०४मध्येच एकदा घेऊन पाहिले होते. आता ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट. त्याचे प्रश्न ठरलेले: वाटा किती, दरवाजे किती, पाणी बारमाही आहे का? कोणता गड राखायचा आणि कोणत्या गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवायच्या, हे अशा उत्तरांवर ठरे. अलंगच्या तुटक्या पायऱ्या आजही गिर्यारोहकाला दोर लावायला लावतात.

खटकते ते पुढे. दोनशे वर्षांनीही आमची दुर्गवर्णने त्याच क्रमाने चालतात: वाट, दरवाजा, टाके. शत्रूला हवी असलेली माहिती आम्ही इतिहास म्हणून छापतो! (ब्रिग्ज स्वतः व्यासंगी होता, फेरिश्ताचा भाषांतरकार, पण ही पाहणी त्या व्यासंगाची नव्हे.) पायथ्याची पेठ, गडांवर पहारा देणारे कोळी-भिल्ल यांना शेवटचा परिच्छेद मिळाला तर मिळाला. भिल्ल कंपनीच्या कागदांत येतात ते बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून. १८२५मध्ये ऑट्रमने त्यांचीच पलटण उभारली.

पुण्याच्या पेशवे दप्तरात किल्ल्यांच्या शिबंदीचे, धान्याचे हिशेब मोडीत पडून आहेत. नव्या दुर्गलेखकाने गॅझेटिअर मिटून आधी ते वाचावेत.