‘साखर’, ‘भाकीत’ आणि ‘पथ्य’ : एका व्याधीच्या मराठी परिभाषेविषयी

वैद्यकीय परिभाषेची चिकित्सा बहुधा प्रतिशब्दाच्या शुद्धाशुद्धतेपाशीच थांबते. तो शब्द रुग्णाच्या घरी गेल्यावर कोणता अर्थ धारण करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक व्याधीतून उद्भवणाऱ्या मधुमेहाच्या बाबतीत तो टाळता येण्याजोगा नाही.

डोरोथी अँडरसन यांच्या १९३८ मधील निबंधापासून हे नाव रूढ झाले, आणि ते पडले आहे स्वादुपिंडातील पुटी व तंतुमयता यांवरून. पुढे फुप्फुसांच्या विकाराने सारे लक्ष वेधून घेतले, तरी स्वादुपिंडाची झीज चालूच राहते. इन्शुलिन अपुरे पडू लागते व प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ४० ते ५० टक्क्यांना मधुमेह जडतो. म्हणूनच दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून चाचणी करावी, असा दंडक आहे.

आता त्वचेखाली बारीक तंतू बसवून दर पाच मिनिटांस एक, म्हणजे दिवसाकाठी २८८ आकडे देणारे मापक उपलब्ध आहेत. जेवणानंतर ग्लुकोज १४० मिलिग्रॅमच्या वर किती वेळ राहते, यावरून धोक्याचा अदमास बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. मराठीत याचे वर्णन ‘रक्तातील साखर’ व ‘भाकीत’ या शब्दांनी करणे दोन्ही अंगांनी सदोष होय. मापक पाहतो तो ऊतींमधील द्रव. रक्तातील बदल तेथे काही मिनिटे उशिरा उमटतो. आणि ‘भाकीत’ हा ज्योतिषातला शब्द, त्यात होणारच असा सूर आहे. जनावराचे दात पाहून ‘दोनदाती’, ‘चौसा’ असे वय ठरविणारा काष्टीच्या बाजारातील गिऱ्हाईक भाकीत करीत नाही, अंदाज करतो. येथेही तोच शब्द योग्य, कारण निदान अद्याप चाचणीवरच अवलंबून आहे.

याहून घातक शब्द ‘पथ्य’. सुश्रुताने प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद केले आणि पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश असतो, हेही नोंदविले. लोकव्यवहारात मात्र दुसरा भेदच उरला. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीसारख्या ऊसपट्ट्यातील गावी साखर ही उपजीविका. तिथेही ‘शुगर निघाली’ म्हटले की पहिला विचार येतो तो ताटातून काय काढावे, याचा. सर्वसामान्य मधुमेहात तो बव्हंशी उपकारक ठरेल. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलास मात्र अन्नाचा उष्मांक भरपूर हवा असतो. वजन उतरले की फुप्फुसांची शक्तीही उतरते. तेथे घास कमी करावयाचा नसतो, इन्शुलिन द्यावयाचे असते. आईला सांगावयाचे वाक्य ‘साखर वाढली आहे’ असे नसून ‘इन्शुलिन कमी पडते आहे, जेवण तोडू नका’ असे असावयास हवे.