कवडूचं काय चुकलं?

नावांचा विषय काढायचा तर वरठीपासून काढावा. भंडारा जिल्ह्यातलं, मुंबई-हावडा लोहमार्गावरचं हे गाव. गावाला स्टेशन आहे, पण स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव नाही! तिथं लिहिलंय 'भंडारा रोड'. म्हणजे जमीन वरठीची, रात्री-अपरात्री शिट्ट्या ऐकायच्या वरठीनं, आणि नाव मात्र तीन-चार कोसांवरच्या भंडाऱ्याचं. तेव्हा मागं पडलेल्या एका नावाची बाजू मांडायला याहून योग्य गाव मला तरी ठाऊक नाही.

ते नाव म्हणजे 'कवडू'.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे लाडाचं किंवा चिडवायचं नाव वाटेल. तसं नव्हे. आमच्या धानाच्या मुलखात आजोबांच्या पिढीत हे नाव शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत रीतसर छापलेलं असे. आज मात्र बारशाला ते नुसतं सुचवून बघा. आत्याबाई पाळण्याची दोरी सोडून तुमच्याच अंगावर येतील.

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, मग नावाचंच का होऊ नये? म्हणून आधी नाद बघू. अक्षरं तीन, आणि शेवटी ऐसपैस दीर्घ 'ऊ'. बांधीच्या या टोकाला उभं राहून 'कवडूऽऽ' म्हणावं, तर त्या टोकाला चिखलात वाकलेला माणूस कंबर सरळ करून 'का जीऽऽ' म्हणतो. हाच प्रयोग 'रियांश'वर करून पाहा. त्यातला 'श' पहिल्या बांधापर्यंतसुद्धा पोचत नाही. शिवाय वय वाढलं की आपल्याकडं नावाला 'जी' लागतो. 'कवडूजी' म्हटलं की डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेले, पंचायतीत शेवटी पण नेमकं बोलणारे गृहस्थ डोळ्यांपुढं येतात. 'रियांशजी' म्हटलं की काय येतं, ते वाचकांवर सोपवतो.

आता अर्थ. नव्या नावांचा अर्थ विचारला की आईवडील एकमेकांकडं बघतात आणि मग सांगतात, "विष्णूचं नाव आहे." विष्णूला हजार नावं आहेत हे कबूल, पण त्यांत ही भर कधी पडली, ते त्यालाही कोणाला तरी विचारावं लागेल. कवडूचं तसं नाही. कवडीवरून कवडू. आणि इथंच लोक नाक मुरडतात. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक! एवढी बदनामी झालेली वस्तू पोराच्या गळ्यात कोण बांधणार?

पण बांधणाऱ्यांनी ती का बांधली, हे ऐकून घ्या. घरात एकामागून एक लेकरं गेली, की पुढचं मूल जन्मताच सुइणीला किंवा शेजारणीला 'विकायचं', आणि कवडी देऊन परत घ्यायचं. हेतू असा की यमानं दारात येऊन चौकशी केली, तर सांगता यावं : बाबा, हे आमचं नव्हेच, विकतचं आहे, तेही कवडीचं, याला नेऊन तुझा काय फायदा? जगातली सर्वांत महागडी वस्तू सर्वांत कमी किमतीच्या चिठ्ठीमागं लपवायची युक्ती होती ती. आणि ज्या कवडीला बाजारात किंमत नाही, तिचीच माळ भवानीचे भक्त गळ्यात घालतात, हेही विसरू नका.

ही युक्ती एकट्या भंडाऱ्याची नव्हे. वरठीवरून जाणारी गाडी जिथं थांबते, त्या हावड्याच्या मुलखातही तीच. तिकडं तीन कवड्यांना विकलेला तो 'तिनकडी' आणि पाचांना विकलेला 'पाँचकडी'. पाँचकडी दे हे तर बंगालीतल्या गुप्तहेरकथांचे नावाजलेले लेखक. म्हणजे बंगालात भाव जरा चढा होता, एवढाच काय तो फरक. आपल्याकडं धोंडू, दगडू, केरू, भिकू ही याच गोतावळ्यातली. महर्षी कर्वे 'धोंडो' होते. 1958 साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा नावावरून कोणाचं काही अडलं नाही. दया पवारांनी 1978 च्या 'बलुतं'मध्ये 'दगडू' हे आपलं नाव लपवलं तर नाहीच, उलट पुढं उभं केलं.

मग जुनी सगळीच नावं परत आणायची का? मुळीच नाही. 'नकुसा' परत येता कामा नये. मुलगी नको असताना झाली, हे तिच्याच कपाळावर लिहिणारं ते नाव. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली, ते उत्तम झालं. दोन्ही नावं कानाला सारखीच हलकी वाटतात; पण कवडू म्हणजे 'जाऊ नको' आणि नकुसा म्हणजे 'आलीस कशाला'. हा फरक न कळणाऱ्यानं बारशाला जाऊ नये, घुगऱ्या घरी मागवाव्यात.

कोणी म्हणेल, आता ती भीती कुठं राहिली? खरं आहे. 1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार मुलांतली 129 वर्षाच्या आत जात. 2020 साली हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. लस आली, दवाखाने आले, यमाला फसवायची गरज कमी झाली. पण भीती गेली म्हणून आठवण का जावी?

जुनी नावं परत येतातच की! रमा आली, सई आली, मुक्ता आली, जिजा आली. मात्र नीट बघा : जी परतली ती वाड्यातली, नाही तर संतांच्या मेळ्यातली. बांधीतलं एकही नाव अजून परतलेलं नाही. परत यायलाही वशिला लागतो, तो असा.

म्हणून माझा निकाल असा : कवडू परत यावा, पण मजुराच्या घरी नव्हे. त्याच्या पोराला शाळेत आणि पुढं कचेरीत हसणारे अजून पुष्कळ आहेत. त्या हसण्याचा खर्च त्याच्यावर टाकू नये. सुरुवात बंगल्यातून व्हावी. एखाद्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलाचं नाव कवडू ठेवावं, इंग्रजी शाळेतल्या हजेरीत ते पुकारलं जावं, आणि मास्तरीणबाईंनी अर्थ विचारला की पोरानं सांगावं, "आईला मी फार हवा होतो, असा."