एका घोषवाक्याचें परीक्षण

परीक्षणास ग्रंथच हवा असें नाहीं. कधीं पांच शब्दांचें वाक्यहि परीक्षणास पुरेसें होतें. मार्च 2020 मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा मिटल्या, आणि लवकरच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नांवाची सरकारी अभ्यासमाला मोबाइलवरून निघाली. तिच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. रोग नवा होता, घरोघर वृद्ध माणसें होतीं; प्रारंभीं शाळा मिटणें शहाणपणाचेंच होतें. दोष आहे तो ‘पण’ या अव्ययांत.

‘पण’ म्हणावयाचें तर शाळा आणि शिक्षण या दोन निराळ्या वस्तु आहेत, असें आधीं गृहीत धरावें लागतें. शहरांतील सुखवस्तु घरांत त्या कदाचित् निराळ्या होतील. शहापूर-मुरबाडकडील कातकरी-ठाकर पाड्यांवर होत नाहींत. तेथें शाळा म्हणजे अक्षरओळख, दुपारचें शिजलेलें अन्न, आणि आईबाप वीटभट्टीवर निघाले असतां मुलास गांवांत ठेवण्याचें एक सबळ कारण. धान्य घरीं वांटतां आलें. गुरुजी वांटतां आले नाहींत. जेथें घरांत मोबाइल एकच आणि तोहि कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशांत, तेथें ‘शिक्षण आहे’ या विधानांतील ‘आहे’ कोठें शोधावें?

आतां अनुक्रम पाहा. उपाहारगृहें व मद्यगृहें 5 ऑक्टोबर 2020 रोजीं उघडलीं. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबरपासून, पांचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून. दुसऱ्या लाटेंत तेहि पुन्हां मिटले. पहिली ते चौथीच्या मुलांनीं शाळा पाहिली ती 1 डिसेंबर 2021 रोजीं. ज्यांस स्वतः वाचतां येतें त्यांस गुरु आधीं, आणि ज्यांस अक्षरहि येत नाहीं त्यांस वीस महिन्यांनीं! कोविडमुक्त गांवांना आठवीपुढील वर्ग उघडण्याची मुभा जुलै 2021 मध्यें मिळाली होती. म्हणजे गांव पाहून निर्णय करतां येतो, हें सरकारासहि कळलें होतें. तोच न्याय पंधरा-वीस मुलांच्या पाड्यावरील शाळेस कां लागू नये?

परिणाम ‘असर’च्या पाहणींत नमूद आहे. दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें ग्रामीण भारतांत 2018 सालीं 27.3 टक्के होतीं. 2022 सालीं 20.5 टक्के उरलीं.

सांथी पुन्हां येतील. तेव्हां शाळा मिटावी लागली तर मिटावी. परंतु ती उघडण्याचा दिवस ठरवितांना पाड्यावरील पहिलीचें मूल आधीं डोळ्यांपुढें आणावें. आणि तोंपर्यंत ‘शाळा बंद’ एवढेंच खरें वाक्य लिहावें; म्हणजे ती उघडण्याची घाई तरी वाटेल.