रुपेरी मुखवट्याचे वारस

मेक्सिकोत 'लुचा लिब्रे' या नावाचा कुस्तीचा एक प्रकार आहे. मोकळी कुस्ती, असा त्याचा शब्दशः अर्थ. आपल्याकडच्या जाणत्या माणसाला तिचे वर्णन सांगितले, तर तो दोन शब्दांत तिचा निकाल लावील : नुरा कुस्ती! मल्ल तोंडावर रंगीबेरंगी मुखवटे चढवतात, दोरांवर उभे राहून एकमेकांच्या अंगावर उड्या घेतात आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. खासबागेच्या मातीवर नजर तयार झालेल्या रसिकाने नाक मुरडावे, असेच हे सारे आहे. पण शेवट आधी ठाऊक असणे हाच दोष धरायचा, तर रामकथेच्या कीर्तनाला कोणी जाऊच नये. रावण मरणार हे काय आपल्याला माहीत नसते? आपण जातो ते बुवा त्याला कसा मारतात, हे पाहायला.

याच न्यायाने मी गेली काही वर्षे या मेक्सिकन कुस्त्यांची चित्रणे पाहत आलो आहे. घरात यावरून माझी पुष्कळ थट्टा होते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने रात्री जागून मुखवटेवाले पाहावेत, हे काही शोभणारे नव्हे, असे घरच्यांचे मत. असो. मला येथे बोलायचे आहे ते त्यांतल्या एका वार्षिक स्पर्धेविषयी. तिचे नाव 'लेयेंदा दे प्लाता', म्हणजे रुपेरी आख्यायिका. 'सीएमएलएल' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी तिथली जुनी कुस्तीसंस्था ती भरवते. ही संस्था 1933 साली साल्वादोर लुतेरोथ यांनी स्थापन केली. स्पर्धा मात्र अलीकडची, 1998 सालापासूनची. ती एल् सांतो या मल्लाच्या सन्मानार्थ आहे. सांतो म्हणजे संत. आपल्या कानाला हे नाव किती जवळचे वाटते!

हा संत होता तरी कोण? रोदोल्फो गुस्मान उएर्ता असे त्याचे खरे नाव. जन्म 1917, इदाल्गो प्रांतातल्या तुलान्सिंगो गावी. सांतो होण्यापूर्वी त्याने नाना सोंगे घेऊन पाहिली. 'मुरसिएलागो', म्हणजे वटवाघूळ, या नावाचा एक मुखवटाधारी मल्ल तेव्हा गाजत होता. आपला हा गडी 'दुसरे वटवाघूळ' म्हणून आखाड्यात उतरला. पहिल्या वटवाघळाने तक्रार केली आणि ते नाव त्याला सोडावे लागले. ज्याच्या नावासाठी पुढे मल्लांनी दरसाल झुंजावे, त्याने आरंभी दुसऱ्याच्या नावावर गुजराण करून पाहिली होती, ही मौज स्पर्धेच्या समालोचनात कोणी सांगताना मी ऐकली नाही.

26 जुलै 1942 या दिवशी तो रुपेरी मुखवटा घालून प्रथम लोकांपुढे आला. आता येथे वाचकांना एक परिभाषा सांगितली पाहिजे. लुचा लिब्रेत मल्लांच्या दोन जाती असतात. 'टेक्निको' तो, जो नियमाने, डावपेचांनी लढतो. 'रुदो' तो, जो दांडगाई करतो, पंचाची पाठ वळली की लाथ घालतो, प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा फाडतो. संत हे नाव घेतलेला हा मल्ल पहिली वीस वर्षे रुदो होता! नाव संताचे आणि करणी गुंडाची. लोक तिकीट काढून येत ते पुष्कळदा त्याला शिव्या घालायला. या विसंगतीतच त्याची खरी गोडी होती, असे मला वाटते. कादंबरीकाराला असे पात्र सापडायला भाग्य लागते.

7 नोव्हेंबर 1952 चा सामना घ्या. आरेना कोलिसेओ या आखाड्यात सांतो आणि ब्लॅक शॅडो यांच्यात मुखवट्याची पैज लागली. या पैजेत हरणाऱ्याने भर सभेत मुखवटा उतरवून आपले खरे नाव सांगायचे असते आणि तो मुखवटा पुन्हा कधी चढवायचा नसतो. ब्लॅक शॅडो हरला. त्याचा जोडीदार ब्लू डीमन हा तोवर स्वतः रुदोच होता. मित्राच्या त्या मानहानीनंतर तो सज्जनांच्या बाजूला आला, सांतोच्या मागे लागला आणि 1953 साली त्याने सांतोला जगज्जेतेपदाच्या लढतीत हरवले. म्हणजे त्या वर्षी लोकांचा नायक होता ब्लू डीमन, अर्थात निळा सैतान, आणि खलनायक होता संत. नाटककाराने एवढे उलटेसुलटे रचले असते, तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते.

मग हा दांडगा मल्ल संत झाला कसा? कुस्तीने नव्हे, कागदाने आणि पडद्याने. त्याच 1952 साली होसे क्रुस या प्रकाशकाने सांतोच्या नावाने चित्रकथांची मालिका काढली. छायाचित्रे कापून, त्यांना रेखाटनांची जोड देऊन ती सजवलेली असत. तिच्यात सांतो दुर्बळांचा कैवारी होता. म्हणजे पोर सकाळी त्याची पूजा करी आणि संध्याकाळी बाप त्याला आखाड्यात शिव्या घाली. पुढे 1958 साली क्यूबात त्याच्या पहिल्या चित्रपटांचे चित्रण झाले आणि तिथून पुढे पन्नासाच्या वर चित्रपट निघाले. त्यांत तो रक्तपिपासू स्त्रियांशी लढतो, ग्वानाहुआतोच्या प्रेतांशी लढतो, वेडगळ शास्त्रज्ञांशी लढतो. हे चित्रपट मी जेवढे पाहिले, त्यांतले बहुतेक रचनेच्या दृष्टीने टाकाऊ आहेत. ऐन रंगात आलेली गोष्ट थांबते आणि दहा मिनिटे कुस्तीच चालते, जशी आपल्या संगीत नाटकात नायकाची बहीण मरणाच्या दारी असली तरी त्याचे पद संपेपर्यंत यम बाहेर थांबतो. पण त्या मुखवट्याच्या माणसाचे चालणे, उभे राहणे, मोटारीतून उतरणे पाहावे. डोळ्यांपलीकडे काही दिसत नसताना तो दोन तास पडदा धरून ठेवतो. आपल्याकडे त्याच सुमारास दारा सिंग कुस्तीतून पडद्यावर गेले, पण त्यांचा चेहरा उघडा होता. तो हसला की काम भागे. सांतोला ती सवलत नव्हती.

पडद्यावरचा हा सज्जन एवढा मोठा झाला, की 1960 नंतरच्या वर्षांत आखाड्यातल्या सांतोलाही दांडगाई सोडून टेक्निको व्हावे लागले. आणि बिचारा ब्लू डीमन! चित्रपटांत तो दुय्यम साथीदार झाला. राक्षसांशी लढण्याच्या एका चित्रपटात तर त्याचा एक दुष्ट तोतया निर्माण करून त्यालाच सांतोवर सोडले आहे. 1953 चा विजेता असा कागदोपत्री पराभूत झाला.

आता स्पर्धेकडे वळतो. तिच्यात पुष्कळदा 'सिबेर्नेतिको' पद्धतीची लढत असते. दहाबारा मल्ल दोन तटांत विभागतात, ठरलेल्या क्रमाने एकेक आत येतो, चीत झालेला बाद होतो. एक तट संपला, की दुसऱ्यातल्या उरलेल्यांनी आपसांत लढायचे, कारण विजेता एकच हवा. आतापर्यंत ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढलो, त्याच्याकडे मल्ल वळून पाहतो. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, पण मान दिसते, खांदे दिसतात. क्षणभर दोघेही थांबतात. तेवढ्या थांबण्यासाठी मी आधीचा सगळा गोंधळ सोसतो. गोंधळ म्हणालो तो उगीच नव्हे. पहिली पंधरावीस मिनिटे एवढी माणसे एवढ्या उड्या घेतात, की एकही लक्षात राहत नाही. सांतोची ख्याती उड्यांसाठी होती, तशी पकडीसाठीही होती. पालथ्या पडलेल्या गड्याच्या पाठीवर घोड्यावर बसावे तसे बसून त्याची हनुवटी मागे ओढायची, हा त्याचा शेवटचा डाव. त्या डावात घाई नव्हती. आजच्या स्पर्धेत घाईच फार आहे.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. या स्पर्धेत स्मरण होते ते पडद्यावरच्या सांतोचे. रुपेरी मुखवटा, आदर्श, परंपरा, थोर वारसा, असे शब्द उधळले जातात. वीस वर्षे ज्याने लोकांच्या शिव्या मिळवल्या, तो माणूस कुठेच नसतो. शाळेत मी वर्षानुवर्षे थोरांच्या जयंतीचे निबंध तपासत आलो आहे. त्यांतला प्रत्येक महापुरुष लहानपणापासूनच सत्यवचनी, अभ्यासू आणि आईबापांचा आज्ञाधारक असतो. मुलांचा यात दोष नाही, आम्हीच त्यांना तसे शिकवतो. मग मूल त्या माणसाला नमस्कार करते आणि विसरून जाते, कारण स्वतःशी ताडून पाहावे असे त्याला त्यात काहीच सापडत नाही. सांतोचे असे होत असेल, तर ती त्या देशाच्या एका मोठ्या पात्राची हानी आहे.

आणि हे टाळता येण्याजोगे होते, याचा पुरावा स्पर्धेच्या अगदी उंबरठ्यावर आहे. सांतोचा धाकटा मुलगा 'एल् इहो दे सांतो', म्हणजे सांतोपुत्र, या नावाने 1982 पासून लढू लागला. मुखवटा बापाचाच. हा मुलगा आरंभापासून सज्जनांच्या बाजूचा. पण 1996 च्या सुमारास तो अचानक रुदो झाला आणि नेग्रो कासास या अव्वल मल्लाच्या मागे लागला. 19 सप्टेंबर 1997 रोजी आरेना मेक्सिकोत कासासच्या केसांविरुद्ध त्याच्या मुखवट्याची पैज लागली. सोळा हजारांवर माणसे मावणाऱ्या त्या आखाड्यात कासास हरला आणि त्याचे मुंडण झाले. आजोबांच्या काळातला रुपेरी गुंड नातवंडांना त्या दिवशी प्रथमच पाहायला मिळाला. बापाचे खरे स्मरण त्या मुलाने केले ते तेव्हा. पुढच्याच वर्षी ही सन्मानाची स्पर्धा सुरू झाली आणि तो धागा हातातून सुटला.

मुखवट्याविषयी बोलताना ऑक्ताव्हियो पाझ यांची आठवण होणे साहजिक आहे. 1962 ते 1968 या काळात ते मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते, तेव्हा आपल्याला ते अगदीच परके नव्हेत. 1950 साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की मेक्सिकन माणूस स्वतःला मुखवट्याआड मिटून घेतो. घराघरांतल्या माणसांबद्दल ते खरे असेल. आखाड्यात मला उलटे दिसते. तिथे मुखवटा चढवला की माणूस उघडा होतो. जो राग, जो लोभ चारचौघांत दाखवता येत नाही, तो तिथे मोकळा सुटतो. मिटून बसतो तो मुखवटा उतरवल्यावर.

मुखवटा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तर याहून अवघड आहे. सांतोच्या हयातीतच चित्रकथांच्या प्रकाशकाशी त्याचे बिनसले आणि त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर रुपेरी मुखवट्यात दुसराच शरीरसौष्ठवपटू झळकू लागला. ही रुपेरी स्पर्धा गाजवणारा मिस्तिको 2011 साली अमेरिकेत गेला, तेव्हा संस्थेने तो मुखवटा आणि ते नाव सरळ दुसऱ्या मल्लाला देऊन टाकले. पहिला परत आला तो दुसऱ्या नावाने, आणि आपले जुने नाव त्याला 2021 साली मिळाले. दहा वर्षे स्वतःचे नाव दुसऱ्याच्या अंगावर पाहत राहणे, हा कादंबरीचा विषय आहे. स्पर्धेने त्याला हात लावलेला नाही.

सांतो स्वतः मात्र अखेरच्या दिवसांत काही वेगळे करून गेला. निवृत्तीनंतर, 1984 च्या आरंभी, दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्याने आपणहून मुखवटा थोडा वर सरकवला. पुरता काढला नाही. थोडा चेहरा दिसला आणि पुन्हा झाकला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 5 फेब्रुवारीला, हृदयविकाराने तो गेला. त्याला मूठमाती दिली ती मुखवट्यासकट.

2000 साली त्याच संस्थेने ब्लू डीमनच्या नावानेही 'निळी आख्यायिका' ही स्पर्धा सुरू केली. तो त्याच वर्षी डिसेंबरात वारला. दोन्ही स्पर्धा एकाच संस्थेच्या, दोन्हींचे मल्ल पुष्कळदा तेच. 1953 च्या त्या सामन्याचा उल्लेख निळ्या स्पर्धेत निघतो. रुपेरीत तो निघालेला मी अजून ऐकला नाही.