औंध ते औंध

टीकाकार व्हायला काय लागतं, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. तरी सांगून ठेवतो. दुसऱ्यानं घाम गाळून केलेल्या वस्तूकडे मान तिरकी करून पाहता आलं पाहिजे. पस्तीस वर्षं पोरांच्या चित्रवह्या तपासून माझी मान कायमची तिरकी झाली आहे. त्यातून गाव औंध. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभं केलं, त्यात रविवर्मा आहे आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. यमाईला नारळ फोडून आलेला शेतकरी मूरसाहेबांपुढे क्षणभर थबकतो आणि ‘अजून काम बाकी दिसतंय’ असा अभिप्राय देऊन पुढं जातो. अशा गावात टीकाकार निपजला नाही तरच नवल.

म्हणूनच पुतण्याचा फोन आला. ‘काका, रविवारी दुपारी बिअरचा बाजार आहे. या. तुमचं मत पाहिजे.’ बाजार म्हटल्यावर मी सवयीनं पिशवी घेऊन निघालो.

पहिला घोळ स्वारगेटलाच झाला. पुतण्या पुण्यात राहतो तोही औंधला. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘कुठं जायचंय?’ म्हटलं, ‘औंध.’ ‘आलात कुठून?’ म्हटलं, ‘औंधहून.’ दुपारचा कार्यक्रम मी सकाळीच उरकला असावा, अशा नजरेनं त्यानं मीटर टाकलं.

बाजार म्हणजे एका हिरवळीवर मांडव, मांडवात टेबलं आणि टेबलामागे दाढीवाली पोरं. दारात वय विचारलं. बिअरला एकवीस पूर्ण लागतात. माझे सगळे केस पांढरे. तरी नियम म्हणजे नियम. मग परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायचं तर परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो, बरं का! आमच्या भवानरावांनी याच आरोग्यापायी अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले. हा सोपा मार्ग त्यांना कुणी सुचवला नाही.

आता समीक्षा. एका वाक्यात सांगायचं तर, वस्तू चांगली आणि प्रस्तावना वाईट. प्रत्येक पेल्याबरोबर एक इंग्रजी कार्ड. त्यात लिचीची चाहूल, ओल्या लाकडाची आठवण आणि शेवटी रेंगाळणारं काहीतरी. मला पहिली दिली ती ‘इंडिया पेल एल’. नाव इंडिया, पण मुळात ती इंग्लंडात करून इथल्या साहेबांसाठी बोटीनं पाठवायचे. हॉप्स नावाची कडू फुलं जास्त घातली की बिअर टिकते म्हणे. शेजारच्या तरुणानं घोट घेऊन डोळे मिटले आणि ‘लिची’ म्हणाला. मीही मिटले. मला काडेचिराईत दिसलं. पण तसं म्हणायची सोय नव्हती. कडूला कडू म्हणणारा तिथं अडाणी ठरतो. चित्रांच्या प्रदर्शनातही हेच होतं. माणसं आधी कार्ड वाचतात, मग चित्र बघतात आणि मग कार्डावरचंच बोलतात.

आणखी एक गंमत. भारतातल्या पहिल्या काही छोट्या बिअरभट्ट्यांपैकी एक २००९ साली पुण्यातच निघाली, नाव ‘डूलाली’. हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत गोरे सोल्जर खुळावायचे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे भ्रमिष्ट. आपलंच गाव साहेबाचा कोट घालून परत आलं, की आपण त्याला ओळखत नाही.

शेवटचं टेबल पुतण्याचं. कॉम्प्युटरची नोकरी सोडून दोन वर्षं तो एका भट्टीत राबतोय. त्यानं मला सगळी कृती सांगितली. धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, गरम पाण्यात मुरवायचं, गाळून उकळायचं, मग यीस्ट घालून आंबवायचं. म्हटलं, ‘निम्मं तर तुझी आजी नाचणीच्या सत्त्वासाठी करायची.’ तो हसला. मग हळूच म्हणाला, ‘काका, ही ज्वारीची आहे. आपल्या शेतातली मालदांडी. जवाला फोलपट असतं म्हणून ते नीट गाळलं जातं. ज्वारीचा नुसता गोंद होतो. चार घाण वाया गेले.’ आफ्रिकेत ज्वारीची बिअर फार जुनी आहे, आणि नायजेरियानं १९८८ साली परदेशी जव बंद केल्यावर तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी धरली, हेही त्यानंच सांगितलं.

माझ्या डोक्यात मात्र दोन पोती घोळत होती. दादानं एसटीवर चढवून दिलेली. पोरगं खाण्याच्या पदार्थांच्या कंपनीत आहे, लाह्याबिह्या करत असेल, अशी त्याची समजूत. दादा माळकरी.

‘दादाला ठाऊक आहे?’

पुतण्या टेबल पुसायला लागला. टेबल स्वच्छच होतं.

मी घोट घेतला. मान आपोआप तिरकी झाली. ‘खरं सांगू? संत्र्याची साल फार झाली. ज्वारी कुठं कळतच नाही. लपवून ठेवल्यासारखी वाटते.’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘सकाळपासून सगळे वा वा म्हणताहेत. तुम्हीच पहिले.’

‘आणि कार्डावर नुसतं देशी धान्य काय लिहिलंयस? गावाचं नाव लिही.’

त्यानं पेन काढलं आणि लिहिलं, ‘औंध’. दोघांनीही ते वाचलं. पुण्यात त्याचा अर्थ पलीकडच्या सिग्नलपाशी पिकलेली ज्वारी असा झाला असता. त्यानं पुढं कंसात ‘जि. सातारा’ घातलं आणि पेन तसंच धरून बसला. एवढं छापलं, की ते दादापर्यंत पोचणार.

‘आधी घरी सांगतो,’ तो म्हणाला. मांडवामागे जाऊन त्यानं फोन लावला. बराच वेळ तोच बोलत होता. मग पलीकडची शांतता मलासुद्धा ऐकू आली. शेवटी फोन माझ्याकडे आला.

‘तू प्यालास?’ दादानं विचारलं.

‘घोटभर. मत द्यायला.’

‘कशी लागते?’

‘जरा कडू.’

दादा थोडा वेळ थांबला. ‘मग पोराचं काहीतरी चुकतंय,’ तो म्हणाला. ‘आपली ज्वारी गोड आहे.’

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पुतण्या माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला दादाचं मत शब्दशः सांगितलं. त्यानं ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. त्या दुपारी एवढी नेमकी समीक्षा दुसऱ्या कुणी केली नव्हती, आणि तीही घोट न घेता.