पळून आलेल्या बाईची सही

संत कान्होपात्रेचा सगळ्यात गाजलेला अभंग आपण कधी ना कधी ऐकलेला असतो. वाघाच्या तावडीत सापडलेलं हरणाचं पाडस आणि देवाला घातलेली हाक. आपण तो भक्तिगीत म्हणून ऐकतो. मला तो पळून आलेल्या बाईचा तातडीचा अर्ज वाटतो.

महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) तिची कथा येते. मंगळवेढ्याच्या श्यामा या गणिकेची ही मुलगी. नाचगाणं हा जन्मानंच ठरलेला धंदा. तो नाकारून ती वारकऱ्यांसोबत पंढरपूरला येते. बेदरच्या बादशहाला तिच्या रूपाची खबर लागते, शिपाई राऊळाच्या दारात उभे राहतात आणि ती विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडते. देवळातलं तरटीचं झाड ही तिची खूण.

'विठ्ठलात विलीन झाली' असं म्हणून आपण हात जोडतो नि पुढे जातो. पण जिवंत बाईला तिथे आसरा मिळाला नाही, ही गोष्ट त्या गोड शब्दाखाली झाकली जाते.

ना. वि. कुलकर्णींचं 'कान्होपात्रा' हे नाटक १९३१मध्ये रंगभूमीवर आलं. भूमिका बालगंधर्वांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्या गाण्यांनी अभंग घराघरांत नेले, हे ऋण मोठंच आहे. पण सूर इतका गोड लागला, की बादशहाचा हुकूम ऐकू येईनासा झाला. गाणं ऐकवण्याच्या सक्तीतून जी सुटू पाहत होती, तिचं गाणंच तेवढं आपण ठेवून घेतलं.

इथे मला जमैका आठवतो. १८व्या शतकात तिथल्या वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. हा सुतार आहे, ही शिवणकाम करते, अंगावर अमुक खूण आहे. हातातल्या कसबामुळे मालकाला तो माणूस परत हवा असे आणि त्याच कसबावर तो शहरात स्वतंत्र म्हणून खपूनही जाई. कान्होपात्रा बाजारात विकलेली गुलाम नव्हती, हा फरक पुसू नये. पण कला येते म्हणून माणसावर हक्क सांगणं दोन्हीकडे सारखंच. सुतार गर्दीत लपू शकत होता. तिला मात्र तिचं रूप लपू देत नव्हतं.

त्या जाहिरातीत पळालेल्याचं वर्णन मालक करतो. अभंगात ते ती स्वतः करते आणि शेवटी आपलं नाव घालते. नाममुद्रा सगळेच संत वापरतात, मान्य. पण जिचं नाव दुसऱ्याच्या हुकुमात लिहिलं गेलं होतं, तिनं ते आपल्या ओळीत लिहिणं वेगळं आहे. तिच्या नावावरचे मोजकेच अभंग आज उरलेत. पुढच्या वेळी हेडफोन लावून ऐकाल, तेव्हा चालीच्या मागे दाराबाहेरचे शिपाईही ऐका.